कैनकरीच्या पाहुण्यांची नेहरू ट्रॉफी

केरळमधल्या आलप्पुळ्याची नेहरू ट्रॉफी ही लांब होड्यांची शर्यत तेव्हा ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी व्हायची. त्यामुळे आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच तारीख धरून बसलो होतो: १० ऑगस्ट २०२४. पाहुणे तिघे. फ्रान्समधल्या लिऑनचं एक जोडपं आणि ब्रिस्टलचा एक मित्र. तिघेही पुण्यात माझ्याबरोबर एकाच प्रकल्पावर काम करून परत गेलेले. जाण्याआधी ते कुडाळला आमच्या घरी राहून गेले होते. कर्ली नदीच्या काठी बसून दादानं त्यांना केरळच्या लांबलचक होड्यांचे व्हिडिओ दाखवले आणि तिथेच ठरलं, की पुढच्या वेळी आपल्याच अंगणातून गाडी काढायची आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं थेट आलप्पुळा गाठायचं.

कोचीपर्यंत विमान, तिथून टॅक्सी, हाऊसबोटीत एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी शर्यत हा सोपा मार्ग होताच. बहुतेक परदेशी पाहुणे तसेच जातात. पण मला ते नको होतं. ही शर्यत गावांची आहे. गाव न बघता नुसती होडी बघितली तर लांब लाकूड आणि खूप माणसं एवढंच दिसतं. त्यामुळे रस्त्यानं जायचं, वेळ हाताशी ठेवायचा आणि शर्यतीत उतरणाऱ्या एखाद्या गावातच मुक्काम करायचा, हा माझा हट्ट होता. कुट्टनाडमधल्या कैनकरी गावात दादाच्या जुन्या सहकाऱ्याचं घर आहे. त्यांना आम्ही चेट्टन म्हणतो, त्यांच्या बायकोला चेची. घराच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात.

सगळी जुळवाजुळव झाली आणि ३० जुलैच्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली. मुंडक्कई, चूरलमला ही गावं रात्रीत नाहीशी झाली, शेकडो माणसं गेली. शर्यत पुढे ढकलली. नवी तारीख कोणी सांगत नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

लिऑनच्या मैत्रिणीचा फोन आला. तिकिटांचं काय हे तिनं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "त्यांच्या घरात दुःख असताना आपण तमाशा बघायला गेल्यासारखं होईल का?" प्रश्न चांगला होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तो तसाच चेट्टनना विचारला.

ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये येऊ नका. पण शर्यत झाली तर नक्की या." मग त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. शर्यतीच्या कितीतरी आठवडे आधी होड्या वल्हवणाऱ्या क्लबची शिबिरं लागतात. शंभरावर माणसं एकत्र राहतात, कामधंदा सोडून सराव करतात, त्यांचं रोजचं जेवणखाण गावं करतात. वर्गणी निघते, कर्ज काढलं जातं. लाखो रुपये पाण्यात उतरलेले असतात. २०१८ च्या महापुरातही असंच झालं होतं. त्या वर्षी ऑगस्टची शर्यत १० नोव्हेंबरला घेतली होती, आणि घरात पाणी शिरलेल्या माणसांनीच त्यात वल्ही मारली होती. "आम्हाला ती हवी असते," एवढंच ते शेवटी म्हणाले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तारीख जाहीर झाली: २८ सप्टेंबर, शनिवार.

इथे कागदपत्रांचं थोडं सांगते, कारण परदेशी मित्रांना घेऊन निघणाऱ्याला याच गोष्टी अडवतात. तिघांनीही तीस दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा न घेता एक वर्षाचा घेतला होता, म्हणून तारीख पुढे गेली तरी व्हिसा वाया गेला नाही. विमानाच्या तिकिटांना मात्र भुर्दंड बसला. दुसरी गोष्ट तेव्हाच्या फॉर्म-सीची. परदेशी माणूस मुक्कामाला आला की त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा यांची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरणं ही घरमालकाची किंवा हॉटेलवाल्याची जबाबदारी असते. होमस्टेलाही हे लागू आहे. हायवेवरच्या कितीतरी लॉजकडे ती सोय नसते आणि मग रात्री दहा वाजता काउंटरवरून "फॉरेनर नको" असं उत्तर मिळतं. म्हणून वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी मी आधी फोन करून हा एकच प्रश्न विचारला आणि होकार आला तिथेच खोल्या घेतल्या. चेट्टननी तर पासपोर्टच्या प्रती आधीच मागवून घेतल्या होत्या. गाडी दादानं आणि मी आलटून-पालटून चालवायची ठरली. परदेशी परवाना, त्याला जोडलेला आंतरराष्ट्रीय परवाना, विम्यातल्या अटी या सगळ्यात पाहुण्यांना ओढायचं कारण नव्हतं.

२५ सप्टेंबरला उजाडता उजाडता निघालो. कुडाळ ते आलप्पुळा साधारण ९०० किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा प्रवास एकाच रस्त्यानं, राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेलहून सुटून कन्याकुमारीला पोचणारा हा रस्ता आमच्या दारावरून जातो, हे ब्रिस्टलच्या मित्राला फार आवडलं. गोवा पटकन मागे पडला. कारवारला काळी नदीवर ऑगस्टमध्ये पडलेल्या जुन्या पुलाचे तुकडे अजून दिसत होते आणि सगळी वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून चालली होती.

अंकोल्याच्या पुढे शिरूर आलं. १६ जुलैला इथे डोंगर रस्त्यावर आला होता, चहाचं दुकान आणि उभ्या गाड्या घेऊन गंगावळी नदीत गेला होता. कोळिकोडच्या एका ट्रकचालकाचा शोध दोन महिन्यांहून जास्त दिवस चालू होता. गोव्याहून आणलेला ड्रेजर नदीच्या पात्रात गाळ उपसत होता. कापलेला डोंगर तांबडा, ओला, उघडा. काठावर माणसं उभी होती. दादानं गाडी हळू केली, थांबवली नाही. कोणी फोटो काढला नाही. मला काही सांगावं लागलं नाही, याचं मला मनापासून बरं वाटलं.

मरवंते येईपर्यंत गाडीत फारसं बोलणं झालं नाही. तिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून रस्ता. दादा म्हणाला, "नको पुढे जाऊक, हयसरच जरा थांबूया." थांबलो, नारळपाणी प्यालो. संध्याकाळी कुंदापूरच्या मुक्कामी जेवणाच्या खोलीतल्या टीव्हीवर बातमी होती: ट्रक सापडला, केबिनमध्ये मृतदेह. वाढणारा मुलगा कन्नूरचा होता. तो ताट हातात धरून तसाच उभा राहिला. केरळमधल्या प्रत्येक घरानं ते सगळे दिवस त्या एका माणसाची वाट पाहिली होती, हे तेव्हा आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी तलपाडीला केरळची हद्द लागली आणि वेग गेला. महामार्ग सहापदरी करण्याचं काम कासरगोडपासून सुरू होतं. एक पट्टा चकचकीत पूर्ण, पुढे लगेच मातीचा वळसा, मग कठडे, मग पुन्हा पूर्ण पट्टा. तेव्हा नकाशावर जितके तास दिसायचे त्यात किमान तीन मिळवायला हवे होते, असं माझं मत आहे. तलश्शेरी-माही बायपास त्याच वर्षी मार्चमध्ये खुला झाला होता, पण आम्ही मुद्दाम तो सोडून माही गावात शिरलो. लिऑनकरांना ते बघायचं होतं. तीन बाजूंनी केरळ, चौथ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये पुदुच्चेरीचा हा एवढासा तुकडा. १९५४ पर्यंत इथे फ्रेंचांचं राज्य होतं. त्या दोघांनी चर्चपाशी थोडा वेळ काढला. पेट्रोल पंपावर मात्र रांग होती, कारण तिथे इंधन केरळपेक्षा स्वस्त मिळतं. आम्हीही टाकी भरून घेतली.

कोळिकोडच्या मुक्कामानंतर अगदी पहाटे निघालो तरी आलप्पुळ्यात शिरायला दुपार टळून गेली. कोचीच्या दक्षिणेला अरूर ते तुरवूर उन्नत मार्गाचं काम चालू होतं आणि त्या खांबांच्या खालून गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. आलप्पुळ्यात गाडी चेट्टनच्या नातेवाइकांच्या अंगणात लावली आणि सामान होडीत टाकलं.

कुट्टनाडचं पहिलं दर्शन होडीतूनच घ्यावं. कालव्याच्या दोन्ही बाजूंना बांध, बांधावर घरं, घरामागे भातशेती. आणि ती शेती कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली. समुद्रसपाटीच्या खाली दीड-दोन मीटर, काही ठिकाणी त्याहूनही खोल, इथे भात पिकतो. बांध घालून पाणी उपसून काढायचं, पेरायचं, कापायचं, मग पुन्हा पाणी आत घ्यायचं. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या इथे वेंबनाड सरोवराला मिळतात. माणूस दुकानात जातो होडीनं, मुलं शाळेत जातात होडीनं, वरात होडीनं. वल्हं मारणं इथे खेळ म्हणून शिकत नाहीत. ब्रिस्टलचा मित्र कॉलेजात आठ वल्ह्यांच्या होडीत होता. तो बराच वेळ एका आजीबाईंकडे बघत राहिला. त्या एकट्या, उभ्यानं, गवताचा भारा घेऊन होडी नेत होत्या. तो म्हणाला, "आम्हाला असा तोल सांभाळायला वर्ष लागलं असतं."

चेट्टननी त्या संध्याकाळी आम्हाला क्लबच्या काठावर नेलं. कैनकरीचा व्हिलेज बोट क्लब त्या वर्षी वीयपुरम चुंडन चालवणार होता. चुंडन म्हणजे शर्यतीतली लांबलचक होडी. इथे एक गोष्ट समजून घ्यायला लागते. होडी एका गावाची असते आणि ती वल्हवणारा क्लब दुसऱ्या गावाचा असू शकतो. होडी म्हणजे गावाची सामायिक मालमत्ता, घराघरांतून पैसे घालून बांधलेली. ज्या गावाची ती असते त्याचं नाव तिला मिळतं. वीयपुरमची होडी, कैनकरीची माणसं. जिंकलं की दोन्ही गावांचं.

होडी पाण्याबाहेर, मांडवाखाली, ओंडक्यांवर चढवलेली होती. काठापाशी पोचताच चेट्टननी चपला काढल्या. आम्हीही काढल्या. शंभर फुटांहून लांब. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. अंजिलीच्या लाकडाच्या लांबच लांब फळ्या, म्हणजे रानफणसाच्या जातीचं झाड. नाळ पाण्यालगत, पुढे टोकदार झालेली. मागचं टोक मात्र हळूहळू वर चढत उंच गेलेलं, त्याच्यावर पितळेची नक्षी. लोक तिला सर्पनौका म्हणतात ते या उंचावलेल्या मागच्या टोकामुळे, तिथे फणा उभारल्यासारखा दिसतो.

दोन म्हातारे तिच्या तळाला हात फिरवत होते. नुसता हात. बोटांच्या पेरांनी फळी-फळी चाचपत पुढे सरकायचे, कुठे खरखर लागली की थांबायचे, शेजारच्या पोराला खूण करायचे, तो तिथे घासायचा. चेट्टननी सांगितलं, पूर्वी तळाला माशाचं तेल, करवंटीचा कोळसा आणि अंडी एकत्र करून लावत, म्हणजे पाणी धरत नाही. आता पॉलिशं निघाली आहेत, तरी हात फिरवणं सुटलेलं नाही. आमच्याकडे मालवणातही होडीच्या तळाला माशाचं तेल देतात. दादानं ते सांगितल्यावर त्या दोघांतल्या एकानं प्रथमच आमच्याकडे नीट बघितलं आणि दादाचा हात धरून फळीवर टेकवला. लिऑनच्या मित्राचं बोट कॅमेऱ्यावर होतं. त्यानं आधी नजरेनं विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली, मग त्यानं एकच फोटो घेतला.

ब्रिस्टलच्या मित्राचे प्रश्न संपेनात, आणि खरं सांगायचं तर माझ्या शंकाही त्याच्यामुळेच फिटल्या. इंग्लंडच्या आठ वल्ह्यांच्या होडीत वल्हेकरी पाठमोरे बसतात, जायच्या दिशेला पाठ करून, आणि वल्हं कडीत अडकवलेलं असतं. वाट एकट्या कॉक्सला, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याला दिसते. चुंडन वळ्ळममध्ये शंभरेक माणसं दोन रांगांत तोंड पुढे करून बसतात. वल्हं आखूड, पानासारखं, कुठेही न अडकवलेलं, सगळा जोर खांद्याचा आणि कमरेचा. मागच्या उंच टोकावर, अमरावर, पाच-सहा माणसं उभी असतात. त्यांची लांब वल्ही म्हणजेच सुकाणू. मग शंभर हात एकाच क्षणी पाण्यात कसे पडतात? चेट्टन त्याला होडीच्या मध्यावर घेऊन गेले. तिथे एक आडवी फळी असते. तिच्यावर उभी माणसं जाड लाकडी दांड्यानं ठोके देतात. तो ठोका फळीतून सगळ्या होडीच्या अंगात जातो. "कान बंद झाले तरी चालतं," चेट्टन म्हणाले, "मांडीला कळतं." मित्रानं तळहात फळीवर ठेवला आणि तिथल्या पोरानं दांडा एकदा आपटला. मित्र काही बोलला नाही. त्यानं दुसरा हातही ठेवला.

रात्री चेचीनं लाल भात, कुडमपुळी घातलेली माशाची आमटी आणि केळीच्या पानात भाजलेला करिमीन वाढला. कुडमपुळी आमच्या कोकमाचीच सख्खी बहीण. करिमीन म्हणजे आमच्या खाडीतलं काळुंदर. त्यामुळे दादाला आणि मला घरीच जेवल्यासारखं झालं. जेवताना चेट्टननी नेहरूंची गोष्ट सांगितली, आणि ती पुस्तकात वाचण्यापेक्षा त्यांच्या तोंडून ऐकण्यात वेगळंच काही होतं, कारण त्यांचे वडील त्या गर्दीत होते. डिसेंबर १९५२ मध्ये पंतप्रधान होडीनं कुट्टनाडातून आलप्पुळ्याला आले. त्यांच्यासाठी शर्यत ठेवली होती. नडुभागम चुंडन जिंकली आणि नेहरू सुरक्षेचा विचार न करता त्या होडीत चढले, तिच्यातूनच आलप्पुळ्याच्या धक्क्यापर्यंत गेले. पुढे दिल्लीहून त्यांनी चांदीची सर्पनौका सहीनिशी पाठवली. आधी तिला पंतप्रधान चषक म्हणत, नेहरूंच्या पश्चात नेहरू ट्रॉफी हे नाव मिळालं. त्या नडुभागमला नंतर पुन्हा जिंकायला २०१९ उजाडावं लागलं. सदुसष्ट वर्षं! ते ऐकून लिऑनच्या मैत्रिणीनं विचारलं, "आणि इतकी वर्षं ते दरवर्षी उतरत होते?" चेट्टनना प्रश्नच कळला नाही. न उतरून कसं चालेल?

शर्यतीच्या सकाळी चेचीच्या घरात टीव्ही चालू होता. शिरूरला सापडलेल्या त्या चालकाला घेऊन गाडी रात्रभर प्रवास करून कोळिकोडला पोचली होती, रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. आम्ही ज्या रस्त्यानं आलो त्याच रस्त्यानं. चेची पदरानं डोळे पुसत आमच्यासाठी पुट्टू आणि काळ्या चण्याची आमटी वाढत होती. "पोटभर खा, दिवस लांब आहे," ती म्हणाली.

शर्यत दुपारी असली तरी सकाळीच जागेवर पोचायला हवं. शहरातले रस्ते बंद होतात, शर्यत होते त्या पुन्नमडा सरोवराचं पाणीही इतर होड्यांसाठी बंद होतं, आणि काही गॅलऱ्यांना तर होडीशिवाय वाटच नाही. त्या वर्षी तिकिटं लॉनच्या १०० रुपयांपासून काही हजारांपर्यंत होती. मी शेवटच्या रेषेच्या बाजूची घेतली होती, थोडी महाग. ज्यांना परवडतील त्यांनी तीच घ्यावीत. सुरुवातीच्या बाजूला गर्दीचा उत्साह जास्त असतो, पण निकाल इकडे लागतो.

दोन्ही काठ माणसांनी भरलेले. नारळाच्या झाडांवर पोरं. हाऊसबोटींच्या छपरांवर घरंच्या घरं. आधी लहान होड्यांच्या शर्यती होतात: चुरुळन, वेप्पू, इरुट्टुकुत्ती. मग बायकांच्या तेक्कनोडी. पांढऱ्या-हिरव्या साड्या, एका तालात वाकणारे खांदे. लिऑनची मैत्रीण एकदम उभी राहिली आणि शेवटपर्यंत बसलीच नाही. शेजारच्या एका मावशींनी तिला वंचिपाट्टूचा, म्हणजे होडीगीताचा ताल शिकवला, "तित्तित्तारा तित्तितै". त्यानंतर दर शर्यतीला या दोघी एकमेकींचा हात धरून ओरडत होत्या. या गाण्यांचा छंद मूळचा जुना, कृष्ण-सुदाम्याच्या कथेवरचा रामपुरत्तु वारियर यांचा वंचिपाट्टू त्यातला सर्वांत प्रसिद्ध, हे मी तिला नंतर सांगितलं. तेव्हा तिला त्याची गरज नव्हती.

मग चुंडन आल्या. त्या वर्षी १९ होत्या. शर्यतीआधी सगळ्या एकत्र संथ कवायत करतात, वल्ही एकदम वर, एकदम खाली. पाण्यावर एवढी माणसं आणि एकही वल्हं चुकत नाही. त्यानंतर हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या. यात एक नियम मला फार न्यायाचा वाटतो. आपल्या हीटमध्ये पहिलं येणं पुरेसं नसतं, सगळ्या हीट्समधल्या सर्वांत जलद वेळा काढून त्यातल्या चार होड्या अंतिम फेरीत जातात. म्हणजे दुबळा प्रतिस्पर्धी मिळाला म्हणून कोणी पुढे जात नाही. कारिच्चाल, वीयपुरम, नडुभागम आणि निरणम या चौघींची नावं जाहीर झाली. चेट्टननी हात जोडले.

कारिच्चाल म्हणजे या पाण्यावरची सर्वांत मोठी मानकरी, तोवर पंधरा वेळा जिंकलेली. तिच्यावर पळ्ळात्तुरुत्ती बोट क्लब होता. हा क्लब आधीच्या सलग चार नेहरू ट्रॉफी वेगवेगळ्या होड्यांवर जिंकून आलेला. आणि समोर आमची वीयपुरम. हो, तोपर्यंत ती आमची झाली होती.

सुरुवातीला काही दिसतच नाही. लांबवर पाणी उडताना दिसतं, आणि आवाज आधी येतो. तो आवाज हळूहळू काठावरून पुढे सरकत आपल्यापर्यंत येतो, कारण जिथे होड्या असतात तिथली माणसं ओरडत असतात. मग चार काळ्या रेघा. मग वल्ही. दादा माझा खांदा दाबून धरून होता. शेवटच्या पट्ट्यात कारिच्चाल आणि वीयपुरम यांच्यात कोण पुढे, हे आमच्या जागेवरून, रेषेच्या इतक्या जवळूनही कळलं नाही. एक वल्हं पडलं की ही पुढे, दुसरं पडलं की ती. रेषा ओलांडली तेव्हा दोन्हीकडचे लोक पाण्यात उड्या टाकत होते.

निकाल यायला वेळ लागला. मग आकडे आले. कारिच्चाल ४ मिनिटं २९.७८५ सेकंद. वीयपुरम ४ मिनिटं २९.७९० सेकंद. नडुभागम आणि निरणम त्यांच्या मागे, पण चौघींमधलं अंतर एका सेकंदाच्या आत. ब्रिस्टलच्या मित्रानं तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. त्या वेगानं सेकंदाचा दोनशेवा भाग म्हणजे पाण्यावर जेमतेम दोन सेंटीमीटर. शंभर फुटांच्या होडीत शंभर माणसांनी साडेचार मिनिटं जीव ओतला, आणि फरक पडला बोटाच्या एका पेराचा.

कारिच्चालची ही सोळावी ट्रॉफी आणि पळ्ळात्तुरुत्तीची सलग पाचवी. निकालावर हरकती घेतल्या गेल्या, पण पुढे निकाल कायम राहिला. त्या दिवशी काठावर वाद झाले, आवाज चढले. ज्या गावानं कर्ज काढून शिबिर चालवलं त्याला दोन सेंटीमीटर सहज मान्य होणार नाहीत, हे मला समजू शकतं. तरी पळ्ळात्तुरुत्तीचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. वेगवेगळ्या होड्यांवर, वेगवेगळ्या वर्षी, सलग पाचदा पुढे राहणं हे वल्ह्याचं काम आहे, नशिबाचं नाही. हे चेट्टननीही त्याच रात्री कबूल केलं.

परतीच्या होडीत कोणी बोललं नाही. कैनकरीच्या काठावर शिबिराची चूल पेटलेली होती, जेवण तयार होतं, कारण हरले तरी शंभर माणसांना भूक लागणारच. चेट्टननी आम्हालाही नेलं. खांद्यांवर फोड आलेले, तळहात सोललेले पोरगे केळीच्या पानांवर जेवत होते. त्यातला एक जेमतेम विशीचा, डोळे लाल. ब्रिस्टलचा मित्र त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि आपल्या तळहातावरचे जुने घट्टे दाखवले. भाषा एकमेकांना येत नव्हती. मुलानं त्याच्या हातावर बोट फिरवून बघितलं, मग आपला हात पुढे केला. लिऑनचा मित्र वाढायला उभा राहिला, सांबाराची बादली घेऊन दोन्ही पंगती फिरला. त्याला कोणी थांबवलं नाही. पाहुणा वाढायला उठला की आमच्याकडेही त्याला घरचा धरतात.

निघताना शिबिराच्या प्रमुखांनी तिघांना विचारलं, "पुढच्या वर्षी?" तिघांनीही हो म्हटलं.

पुढच्या वर्षी मात्र जमलं नाही. २०२५ ला शर्यत ३० ऑगस्टला ठेवली आणि तेव्हा आमच्या घरी गणपती. कोकणातला माणूस त्या दिवसांत घर सोडत नाही. तिघांनी आपापल्या देशांत मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावलं, आम्ही कुडाळला माटवीखाली बसून बघत होतो, आरतीला आलेली शेजारची मंडळीसुद्धा वाकून बघत होती. वीयपुरम चुंडन, कैनकरीचा व्हिलेज बोट क्लब, वेळ ४ मिनिटं २१.०८४ सेकंद. पहिली.

चेट्टनना फोन लागायला रात्रीचे अकरा वाजले. मागून इतका आरडाओरडा होता की त्यांचं अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. तो लाल डोळ्यांचा मुलगा याही वर्षी होडीत होता, डावीकडच्या रांगेत, एवढं मात्र त्यांनी दोनदा ओरडून सांगितलं. मी ते लगेच ब्रिस्टलला कळवलं. त्याचं उत्तर तिकिटाच्या तारखा विचारणारं होतं.